टचस्क्रीनचा ॲम्प मॉडेलर स्टेजवर: बरेच महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी सात इंची टचस्क्रीनचा फ्लोअर मॉडेलर घेतला, म्हणजे गिटारच्या ॲम्पचे, स्पीकरचे आणि इफेक्टचे आवाज डिजिटल पद्धतीने देणारं, जमिनीवर ठेवायचं मशीन. ग्रुपमधल्या दुसऱ्या गिटारिस्टकडे लाइन सिक्सचा हेलिक्स आहे, तोही मी तेव्हापासून आलटून पालटून वापरतोय. म्हणजे एकीकडे काच आणि दुसरीकडे नॉब, गाणी तीच, स्टेज तेच. माझ्या मशीनचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या एका कंपनीच्या नाहीत; काचेवर बोट ठेवून चालणाऱ्या कुठल्याही मशीनला त्या कमी-जास्त लागू पडतील. आवाजाबद्दलही फारसं लिहीत नाही. वरच्या किमतीतले सगळेच मॉडेलर आता इतके चांगले वाजतात की पीएमधून, म्हणजे कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरमधून, ऐकणाऱ्याला फरक कळणं कठीण आहे. फरक कळतो तो हाताला.

आमचं काम बहुतेक वाद्यवृंदाचं. गणपतीतले मंडप, लग्नाचं संगीत, कधी नाट्यगृहातला तिकीट लावलेला कार्यक्रम. भावगीताचं क्लीन आर्पेजिओ संपतं न संपतं तोच लावणी, मग कोरसमध्ये भिजलेलं ऐंशीच्या दशकातलं हिंदी गाणं, आणि शेवटी पोरं नाचतात तेव्हा डिस्टॉर्शन. जवळपास प्रत्येक गाण्याला वेगळा प्रीसेट, म्हणजे आधी साठवून ठेवलेली आवाजाची जुळणी, लागतो.

ते प्रीसेट घरी बसून बनवायचे असतील तर टचस्क्रीनला तोड नाही, हे अगदी मनापासून सांगतो. सिग्नल चेन, म्हणजे ॲम्प आणि इफेक्टच्या ब्लॉकची रांग, डोळ्यांसमोर दिसते. डिले ॲम्पच्या आधी लावलाय तो नंतर हवा, तर बोटाने उचलायचा आणि पुढे नेऊन सोडायचा. दोन ॲम्प समांतर लावणं, कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाचा डिजिटल नमुना) बदलणं, माइक थोडा कडेला सरकवणं, सगळं झटक्यात होतं. प्रीसेटला नाव द्यायचं तर कीबोर्ड समोर येतो. हेलिक्सवर तेच नाव जॉयस्टिक आणि नॉब फिरवत एकेक अक्षर शोधून लिहावं लागतं. नवीन शिकणाऱ्याला तर मी टचचंच मशीन देईन, कारण कशानंतर काय येतं हे त्याला न सांगता कळतं.

अडचण सुरू होते कार्यक्रमाच्या जागी. घरी हेडफोनवर किंवा हळू आवाजात बनवलेला टोन मोठ्या आवाजात तसा राहत नाही. आवाज वाढला की आपल्या कानांना खालचे आणि वरचे सूर मधल्यांच्या मानाने जास्त ऐकू यायला लागतात. जो टोन खोलीत भरदार वाटत होता तो मंडपात खाली घुमतो आणि वर टोचतो. त्यात गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, पण पीएचा ट्वीटर सगळं देतो, त्यामुळे डिस्टॉर्शनची किरकिर उघडी पडते. म्हणून प्रत्येक नव्या जागी लो कट (त्याच्या खालचे सूर कापणारा फिल्टर) ८०-१०० हर्ट्झच्या आसपास आणि हाय कट (वरचे कापणारा) पाच ते आठ किलोहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी बसवावाच लागतो. आणि हे कधी करायचं? साउंडचेकमध्ये आपल्या वाट्याला जी दोन-चार मिनिटं येतात, तेव्हा. ढोलकीचा माइक लागतोय, निवेदिका 'हॅलो हॅलो' करतेय, आणि मिक्सरवरून आवाज येतो, "दादा, गिटार टोचतेय, वरचं जरा काढा ना."

अशा वेळी मशीन जमिनीवर असतं, गिटार गळ्यात असते. खाली वाकून आधी बरोबर ब्लॉकवर टॅप करायचं, मग पान उघडतं, मग पट्टी सापडते, मग ती सरकवायची. बोटाखाली आकडा झाकला जातो. हाय कट साडेसहावर आणला आणि बोट उचललं, की उचलता उचलता तो थोडा सरकतो. पुन्हा टेकवा, पुन्हा सरकवा. तेवढ्यात साउंडवाल्याने बासरी ऐकायला घेतलेली असते.

गिटारवाल्यांची स्वतःची अशी एक अडचण आहे, जी परीक्षणांमध्ये मला फारशी वाचायला मिळाली नाही. उजव्या हातात पिक असतं, म्हणून स्क्रीनला हात लावायला पुढे येतो तो डावा. आणि डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना तारांनी घट्टे पडलेले असतात. या स्क्रीन बोटातून होणाऱ्या विजेच्या अगदी सूक्ष्म बदलावर चालतात, आणि कोरड्या, जाड झालेल्या कातडीचा तो बदल त्यांना नीट कळत नाही. माझी तर्जनी हलकी टेकवली तर तीनातून एकदा तरी टॅप लागतच नाही; बोट आडवं करून पेराचा मऊ भाग टेकवावा लागतो. पिकने टॅप करायचं म्हटलं तर ते प्लास्टिकचं, स्क्रीनला त्याचा पत्ताच नसतो. उलट भाद्रपदात, मंडपाच्या दमट हवेत घाम आला की स्क्रीन नको तितकी हळवी होते. ताडपत्रीतून गळलेला पाण्याचा थेंबही तिला बोट वाटू शकतो. दुपारच्या उघड्यावरच्या कार्यक्रमात तर काचेत आभाळ दिसतं, आकडे दिसत नाहीत.

हेलिक्सवर हेच काम स्क्रीनखालच्या सहा नॉबवर होतं. ब्लॉक निवडायलाही पानं शोधत बसावं लागत नाही. त्याच्या फूटस्विचना स्पर्श कळतो, हलकं बोट टेकवलं की तो ब्लॉक स्क्रीनवर येतो. आपल्याकडे पुष्कळ कलाकार रंगमंचावर चपला काढूनच जातात, मीही. अनवाणी पायाच्या स्पर्शाने ब्लॉक निवडला जाऊ नये म्हणून हा गुण सेटिंगमध्ये बंद करता येतो, तेवढं मात्र आधी करून ठेवावं. नॉब हाताला लागला की नजर साउंडवाल्याकडे ठेवून, कान पीएकडे लावून फिरवता येतो. तो मान हलवतो तिथे थांबायचं. स्क्रीनवर मला बघावंच लागतं, आणि बघत असताना मी नीट ऐकत नाही, हे इतक्या महिन्यांत पक्कं कळलं.

पण नॉब म्हटलं की सगळं आलबेल, असंही नाही. १९९८ च्या लाइन सिक्स पॉडला साध्या ॲम्पसारखे नॉब होते, वापरायला अगदी सरळ. पण त्या जातीच्या नॉबची खोट अशी की प्रीसेट बदलला की नॉब दाखवतो एक आणि आत असतं दुसरंच. गेन नॉबवर तीनला दिसतो, आवाज सातचा. हात लावला की आवाज उडी मारतो. न थांबता गोल फिरणाऱ्या एन्कोडरने हा प्रश्न मिटवला, पण त्याला टोक नाही, त्यामुळे घड्याळाच्या काट्यासारखं 'साधारण दोन वाजता' असं बघून समजत नाही, आकडा वाचावाच लागतो. नॉबच्या बाबतीत केम्पर प्रोफायलर मला अजूनही आवडतो. गेन, बास, मिडल, ट्रेबल हाताशी, आणि नॉबभोवतीचे दिवे सांगतात की आत्ता किती आहे. उलट टोकाला स्ट्रायमनचा इरिडियम. २०१९ चं हे छोटं पेडल, तीन ॲम्प, प्रत्येकाला तीन कॅब, स्क्रीन नाहीच. दोन-तीन टोनमध्ये ज्याचं भागतं, त्याने एवढं लांबलचक वाचायचीही गरज नाही.

कंपन्यांनाही हे कळलेलं दिसतं. न्यूरल डीएसपीच्या क्वाड कॉर्टेक्समध्ये सात इंची टचस्क्रीन आहे, पण त्याचे फूटस्विचच हाताने फिरवता येतात. ब्लॉक उघडला की तेच त्याचे नॉब होतात. २०२३ च्या फेंडर टोन मास्टर प्रोमध्ये तीच कल्पना. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या हेलिक्स स्टेडियमला आठ इंची टचस्क्रीन आली, तरी नॉब काढले नाहीत. आजच्या घडीला माझ्या मते हाच बरोबर रस्ता आहे. पायाने दाबायचं बटण हाताने फिरवायचं म्हणजे धूळ-माती बोटांना लागते, पण तेवढं चालतं.

दुरुस्तीचाही विचार करा. साध्या नॉबचा पॉट (आतला फिरता भाग) खरखरायला लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बऱ्याचदा भागतं, नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली की सुटा भाग आणि बसवणारा दोन्ही सापडायची आशा असते. स्क्रीन फुटली तर कंपनीचाच पार्ट आणि कंपनीचीच वाट बघायची. टेम्पोत ढोलांखाली जाणाऱ्या मशीनसाठी ही गोष्ट लहान नाही. मी आता जाड काचेचा प्रोटेक्टर लावत नाही, टॅप आणखी बोथट होतो. वर कडक झाकण ठेवतो.

माझ्या मशीनवर मी सध्या जमवलंय ते असं. प्रत्येक प्रीसेटच्या शेवटी, एकाच जागी, एकच इक्यू ब्लॉक (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा) ठेवलाय, म्हणजे शोधायला लागत नाही. जागेनुसार जे काढायचं ते ग्लोबल इक्यूमध्ये काढतो, एकदाच, सगळ्या गाण्यांना लागू. सोलोसाठी तीन डेसिबलचा बूस्ट एका फूटस्विचवर, आणि ॲम्पच्या नंतर व्हॉल्यूम एक्स्प्रेशन पेडलवर, म्हणजे पायाने पुढे-मागे करायच्या पेडलवर. गाणं सुरू झालं की काचेला हात लावायचाच नाही, हा नियम. कंपनीने आउटपुटचा खरा नॉब दिलाय, तो एकटा माझी निम्मी कामं करतो.

घरी रेकॉर्डिंग करत असाल तर टचचंच घ्या, खुशाल. महिन्यातून चार वेळा स्टेजवर जात असाल तर दुकानात मशीन टेबलावर ठेवून बघू नका. जमिनीवर ठेवायला सांगा, गिटार गळ्यात अडकवा, दुकानातल्याशी बोलणं चालू ठेवून डाव्या हाताने हाय कट खाली आणा आणि आवाज थोडा कमी करा. हे न अडखळता जमलं, तरच पैसे काढा.