२६ इंचांची ‘ड्वार्फ’ आयरिस

कंद उत्तम, माहिती अपुरी. म्हणून पाचपैकी तीन तारे.

गेल्या ऑगस्टमध्ये या नर्सरीतून आयरिसचे नऊ कंद मागवले, त्यांच्या कॅटलॉगच्या ‘ड्वार्फ’ म्हणजे बुटक्या आयरिसच्या पानावरच्या तीन जातींचे तीन-तीन. इथे न्यू जर्सीतल्या एडिसन गावात आमच्या दारापुढच्या पायवाटेच्या कडेने मला बुटक्या फुलझाडांची ओळ हवी होती. ट्युलिप हरणं शिल्लक ठेवत नाहीत, आयरिसला सहसा तोंड लावत नाहीत. कंद टणक होते, एकही कुजका नाही, प्रत्येकावर जातीचं नाव. सासूबाई तेव्हा सांगलीहून आलेल्या. एक हातात घेऊन म्हणाल्या, “अगं, हा तर हळदीचा गड्डा!” पण हळदीसारखं खोल पुरायचं नाही, पाठीला ऊन लागेल असं वरवर लावायचं. नऊच्या नऊ जगले, याचं श्रेय नर्सरीला.

एप्रिलच्या मध्यावर पहिली जात फुलली, जेमतेम ६ इंच. मेच्या सुरुवातीला दुसरी, १३ इंच. तिसरीला नुसतीच पानं. तिचं नाव ‘बाटिक’. ती फुलली मेच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि शिवणाची टेप लावली तर दांडा २६ इंच! फूल इतकं सुंदर की मी ओट्यावरचं काम टाकून बाहेर जाऊन बसायचे. जांभळ्या पाकळ्यांवर पांढरे फराटे, मेण लागलेली जागा रंगात कोरी राहावी तसे, आणि दोन फराटे एकसारखे नाहीत. पण एका रात्रीच्या पावसात फुलं पाण्याने जड झाली आणि दांडे पायवाटेवर आडवे झाले. पुढची बुटकी रोपं तिच्या पानांखाली दडली ती वेगळीच.

मी ईमेल केली. उत्तर आलं, “२८ इंचांच्या आतलं सगळं आम्ही ड्वार्फमध्ये धरतो.” पैसे परत द्यायची तयारीही दाखवली. मला पैसे नकोत, ते पान दुरुस्त करून हवं आहे.

अमेरिकन आयरिस सोसायटीच्या वर्गवारीत दाढीवाल्या (खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसचे सहा वर्ग आहेत, आणि ‘ड्वार्फ’ त्यातले दोनच: ८ इंचांपर्यंत मिनिएचर ड्वार्फ, ८ ते १६ स्टँडर्ड ड्वार्फ. साडेसत्तावीस इंचांच्या वर टॉल. मधल्या पट्ट्यात तीन वर्ग आहेत, आणि खरी गफलत तिथेच होते, कारण तिघांची उंची एकच, स्वभाव वेगळा. ‘इंटरमीजिएट’ ही टॉलच्या आधी फुलते. ‘बॉर्डर’ ही टॉलच्या बरोबरीने फुलते. ‘बाटिक’ याच वर्गातली, नोंदलेली उंचीही २६ इंचच. तिसरी ‘मिनिएचर टॉल’, तिचा दांडा बारीक, फूल लहान, लांबी-रुंदी मिळून साधारण ६ इंच. म्हणून तिला टेबल आयरिस म्हणतात, फुलदाणीत ती फार शोभते. म्हणजे वर्ग कळला की उंचीसोबत फुलण्याची वेळही कळते. वाफा आखणाऱ्याला दोन्ही लागतं. मला वर्षभर वाट पाहून टेपने मोजावं लागलं.

प्रत्येक जातीपुढे वर्ग आणि दांड्याची उंची, एवढ्या दोनच गोष्टी लिहा. जुलैत ‘बाटिक’ काढून मागे कुंपणाशी लावणार आहे, तिथे तिला आधारही मिळेल. पायवाटेसाठी सहा स्टँडर्ड ड्वार्फ हवे आहेत. ते पान नीट झालं तर ऑर्डर इथेच देईन.