कमी प्रतींची पुस्तकछपाई, सोलापूर: विज्ञानकथासंग्रहासाठी कितपत कामाची?

नव्या विज्ञानकथासंग्रहाची बातमी सांगून झाली आहे, डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सवात किंवा पुढच्या साहित्य संमेलनात स्टॉलवर बसायचं ठरलं आहे, आणि पुस्तक अजून संगणकातच आहे. अशा लेखकापुढे दोन वाटा असतात. बाहेरगावच्या छापखान्यात पाचशे-हजार प्रतींची ऑफसेट (प्लेट करून होणारी मोठी छपाई), नाहीतर सोलापुरातच डिजिटल मशीनवर पन्नास-शंभर प्रती. हे परीक्षण दुसऱ्या वाटेचं आहे; एका दुकानाचं नाही, शहरात मिळणाऱ्या या सेवेचं. निकाल आधीच सांगून टाकायचा तर छपाई आणि बांधणी इथे बेलाशक करा, अक्षरजुळणी मात्र दुकानावर सोपवू नका.

छपाई सोलापूरला नवी नाही. दाते पंचांग याच गावातून निघतं, आणि पंचांगाइतकी आकड्यांची दाटी दुसऱ्या कुठल्या छापील पानावर क्वचितच दिसते. पण डिजिटल छपाईच्या दुकानांचं पोट चालतं ते लग्नपत्रिका, बिलबुकं आणि माहितीपत्रकांवर. एकाच संगणकावर मराठी, तेलुगू आणि कन्नड पत्रिका जुळवणारा ऑपरेटर त्याच्या कामात पक्का असतो. १६० पानांचा सलग गद्य मजकूर, त्यात मधूनच ग्रीक अक्षरं आणि रासायनिक सूत्रं, हे त्याचं रोजचं काम नव्हे. आणि विज्ञानकथा फसते ती नेमकी इथेच.

कारण समजून घ्यायला हवं. बऱ्याच दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट चालतात. त्यांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तुमची युनिकोड (आजच्या प्रमाण पद्धतीची) फाइल कन्व्हर्टरमधून तिकडे गेली की पहिला मार बसतो ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲसिड’, ‘ॲल्युमिनियम’ अशा शब्दांना. ‘ऱ्य’ तुटतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो, जोडाक्षरापुढची ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. दुसरा मार सूत्रांना. सगळा परिच्छेद निवडून एकदम फॉन्ट बदलला की त्यातली रोमन अक्षरं निरर्थक देवनागरी होतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या सूत्रातला खाली बसणारा दोनचा आकडा सरळ ओळीत येतो. घातांकाचं तसंच. दहाचा बारावा घात छापून येतो ‘१०१२’. प्रूफ वाचणाऱ्यालाही ते चटकन खटकत नाही, कारण ती एक साधी संख्याच दिसते. कथेतलं अंतर मात्र लाख कोटी किलोमीटरवरून हजारावर आलेलं असतं.

म्हणून पाने स्वतः लावून, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच द्यायची. इनडिझाइन हे पाने लावायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. भाषा मराठी ठेवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. साध्या वर्डमधूनही कथासंग्रह नीट होतो, फक्त पानाचं माप सुरुवातीलाच ठरवा. अंक देवनागरी की रोमन, याचा नियम एकदाच ठरवून पाळा: कथेच्या ओघात देवनागरी आणि सूत्रांत रोमन, ही वाटणी वाचायला सोपी जाते. मशीनवर जाण्यापूर्वी दुकानाच्या संगणकावर पीडीएफ उघडायला लावून सूत्रांची पाने तेवढी डोळ्यांखालून घाला. तिथे कोणी ‘फाइल कोरेलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) घेऊन थोडी ॲडजस्ट करतो’ म्हणालं, तर नको म्हणा.

माप डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, घ्यावं. डिजिटल मशीनच्या १२ बाय १८ इंची कागदावर एका बाजूला डेमीची चार पाने बसतात, दोन्ही बाजू मिळून आठ. १६० पानांच्या पुस्तकाला वीस कागद लागतात. दर विचारताना हाच हिशोब समोर ठेवा, कारण काहीजण ए-फोरच्या पानाचा भाव सांगतात आणि मग तुलनाच होत नाही. आतली छपाई, मुखपृष्ठ, लॅमिनेशन, बांधणी आणि कापणी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. ऑफसेटसारखं इथे सोळा पानांच्या फर्म्याचं (एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्याचं) बंधन नाही. म्हणून शेवटची कोरी पाने भरायला कुणाचे अभिप्राय गोळा करायची गरज पडत नाही. वाचकांवर हा उपकारच आहे.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा, पुरतो. किंचित पिवळसर नॅचरल शेड मिळाला तर डोळ्यांना बरा. कण्याची जाडी अंदाजाने ठरवू नका. साध्या ७० जीएसएमचं एक पान-पाठ (पानाच्या दोन्ही बाजू मिळून) सुमारे ०.०९ मिलिमीटर भरतं, म्हणजे ८० पान-पाठांना साधारण सात मिलिमीटर. फुगीर नॅचरल शेड घेतला की तोच कणा नऊच्या आसपास जातो. दोन मिलिमीटरांची चूक झाली की कण्यावरचं नाव मलपृष्ठाकडे सरकतं. त्याच कागदाचं कोरं पुस्तक बांधून घ्यावं, मोजावं, मग मुखपृष्ठाची फाइल पूर्ण करावी.

मुखपृष्ठाबाबत विज्ञानकथावाल्यांची एक खोड आहे: काळंभोर आकाश आणि त्यात तारे. डिजिटल मशीनच्या टोनरच्या (भुकटीच्या शाईच्या) छपाईत मोठा गडद भाग पट्ट्यापट्ट्यांचा येऊ शकतो, घडीवर टोनर तडकतो आणि पांढऱ्या रेघा दिसतात. बारीक पांढरे ठिपके तारे वाटण्याऐवजी धूळ वाटतात. आग्रहच असेल तर नुसता काळा रंग न देता सीएमवायकेत (छपाईच्या निळा-गुलाबी-पिवळा-काळा या चार रंगांत) ६०-४०-४०-१०० टक्के असा भरीव काळा द्या, त्यावरची पांढरी अक्षरं जाड ठेवा, कारण बारीक अक्षरांत रंग सरकून ती बुजतात. चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारा जादा रंगीत भाग) सोडा. ३०० जीएसएम आर्ट कार्ड, लॅमिनेशन आणि कण्याच्या दोन्ही कडांना क्रीझिंग (घडीसाठी दाबलेली रेघ), एवढं झालं तर तडकणं बरंच आटोक्यात येतं. मॅट लॅमिनेशन देखणं असतं, पण काळ्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे चटकन उठतात. दिवसभर हाताळल्या जाणाऱ्या स्टॉलच्या प्रतींना ग्लॉस बरं.

बांधणीत या सेवेला चांगले गुण द्यावे लागतील, पण तपासून. नमुना प्रत मधोमध पूर्ण उघडायची आणि एक पान धरून ओढायचं. पान सुटलं तर कणा नीट खरवडलेला नाही किंवा गोंद पुरेसा गरम नव्हता. पुस्तक उघडं राहत नसेल, पाने कण्याजवळ लाटांसारखी उठत असतील, तर कागदाचा रेषा (तंतूंची दिशा) आडवा लागला आहे. तो कण्याला समांतरच हवा. नेहमीचा हॉटमेल्ट गोंद उष्णतेने मऊ पडतो. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो आणि बंद गाडीचा आतला भाग त्याहून कितीतरी जास्त तापतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये पुस्तकांचे खोके डिकीत ठेवून गावभर फिरू नये. शिवाय इथल्या कोरड्या हवेत सपाट राहिलेलं मुखपृष्ठ मुंबईच्या पावसाळी दमटपणात वर उचलतं, कारण लॅमिनेशन नसलेली आतली बाजू ओल घेऊन फुगते. हा छपाईचा दोष नव्हे. प्रती आडव्या रचून वर वजन ठेवा.

वेळेचा मुद्दा सगळ्यांत नाजूक. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची घाई सुरू होते आणि मशीन मोकळं मिळत नाही. पुण्याचा महोत्सव नेमका त्याच दिवसांत. तेव्हा डिसेंबरसाठीचं काम दिवाळीपूर्वी टाकावं, आणि प्रकाशनाची तारीख बांधलेली नमुना प्रत हातात आल्यावरच जाहीर करावी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, त्याहूनही आधी मागा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, लेखक-प्रकाशकालाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्या ‘पॅकेज’ची गरज नाही. छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळे क्रमांक लागतात. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. तेवढ्या प्रती मोजणीत धरा.

मलपृष्ठावर ‘विज्ञानकथा’ हा शब्द ठळक छापा. जयंत नारळीकर २०२१च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले, मराठी विज्ञान परिषद वर्षानुवर्षं विज्ञानकथांची स्पर्धा घेत आली, तरी नव्या लेखकाचं पुस्तक स्टॉलवर सामान्यज्ञान आणि बालवाङ्मय यांच्या मधल्या फळीवर ढकललं जाण्याची भीती असतेच.

ने-आणीचा हिशोब छोट्या छपाईच्या बाजूने जातो. ७० जीएसएमवरचं १६० पानांचं डेमी पुस्तक मुखपृष्ठासकट सुमारे १९० ग्रॅम भरतं. शंभर प्रती म्हणजे १९ किलो, पन्नास-पन्नासचे दोन खोके. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला हातोहात नेता येतात. संमेलन संपल्यावर येणाऱ्या मागणीसाठी टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा आहे. मे २०२५पासून सुरू झालेल्या या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये पडतात, कर वेगळा. पाकिटाचा माग काढता येतो, पण वाहतूक जमिनीवरून असल्याने घाई असलेल्या वाचकाला तसं आधी सांगा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. १६० पानी पुस्तक पुठ्ठा-पाकिटासह पहिल्या टप्प्यात आरामात बसतं. २४० पाने झाली की पुस्तकच २७० ग्रॅमच्या पुढे जातं आणि पॅकिंग त्याला ३००च्या पार नेतं. एखादी कथा गाळायची की ठेवायची यावर अडला असाल, तर काट्यावरचा आकडाही बघा.