पीजी, वन आरके की आईबाबांच्या सोसायटीतला फ्लॅट? ऑटिस्टिक माणसाने घर निवडताना

पुण्यात स्वतंत्र राहायचं ठरवलं की आपल्यापुढे साधारण चार वाटा असतात: कॉट बेसिसवर पीजी, भाड्याचा वन आरके, आईबाबांच्याच सोसायटीत वेगळा फ्लॅट, नाहीतर संस्थेचं सामूहिक निवास. मी ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, आहे आणि पहिल्या दोन्हींत राहिले आहे. भाडं आणि ऑफिसपासूनचं अंतर सगळेच बघतात. मी आधी बघते, माझ्या खोलीत न विचारता कोण येऊ शकतं.

पीजी सुरुवातीला फार सोपं वाटतं. डिपॉझिट कमी, लाइटबिल-वायफायची कटकट नाही, जेवण मेसचं. एकाच वेळी दहा कामं अंगावर आली की जो गोठून जातो, त्याच्यासाठी हा मोठाच आधार आहे. पण रूममेट आपण निवडत नाही. रात्री एक वाजता कुणीतरी ट्यूब लावतं, कुणाचा अलार्म पाच वेळा वाजतो. आमच्या मालकीणकाकू दारावर टकटक करायच्या आणि मी 'हो' म्हणायच्या आत खोलीत असायच्या. मन चांगलं होतं त्यांचं, पण दिवसभर माझे कान दाराकडे असायचे. ठरावीकच पदार्थ खाणाऱ्यांचे तर मेसमध्ये हालच होतात. सिंगल रूम मिळाली आणि आतून कडी लावायला हरकत नसेल, तर मात्र पीजीचा विचार जरूर करा.

वन आरकेत दार आपलं असतं. त्या दारापर्यंत पोचायला एजंट, मालक, सोसायटीचे सेक्रेटरी अशा सगळ्यांशी बोलावं लागतं, आणि 'बॅचलर चालणार नाही' हे ऐकावं लागतं. फोन जमत नसेल तर एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवरच गरजा लिहून पाठवा. ऑटिझमबद्दल मालकाला सांगणं बंधनकारक नाही. 'फोनऐवजी मेसेज करा, येण्याआधी एक दिवस कळवा' एवढं सांगितलं तरी काम भागतं, आणि हे करारातच घालून घ्यावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने राहायचा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांचा करार सर्रास होतो, पण २४ किंवा ३६ महिन्यांचाही करता येतो. घर बदलणं म्हणजे झोपेपासून अंघोळीपर्यंत सगळी घडी पुन्हा बसवणं, म्हणून मी तरी जास्त मुदतीचाच आग्रह धरेन.

घर दिवसा एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा, असं दोन वेळा बघा. खोलीची भिंत लिफ्टच्या किंवा पाण्याच्या मोटरच्या बाजूला आहे का? शेजारी मंगल कार्यालय आहे का? नदीपात्राजवळचं घर असेल तर गणपतीच्या आधी कित्येक आठवडे ढोल पथकांचा सराव चालतो, हे दिवाळीनंतर घर बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आईबाबांच्या सोसायटीतला फ्लॅट परवडणाऱ्यांना हाच पर्याय सर्वांत सुरक्षित वाटतो. खरा प्रश्न दुसऱ्या किल्लीचा. ती कधी वापरायची हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, उदाहरणार्थ मेसेजला संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तरच. नाहीतर डबा ठेवायच्या निमित्ताने आई रोज आत येईल, आणि तिला नाही म्हणणं मालकाला नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

चोवीस तास सोबत लागत असेल तर सामूहिक निवास. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'घरौंदा' योजना (आता 'समर्थ-कम-घरौंदा') अशाच प्रौढांसाठी आहे. तिथे गेल्यावर वेगळी खोली मिळेल का, पाहुणे कधी येऊ शकतात, बाहेर जायला कुणाची परवानगी लागते, हे विचारा, आणि घरच्यांना नाही तर तिथे राहणाऱ्यांना विचारा. दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या कलम ५ प्रमाणे दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि विशिष्ट प्रकारच्या निवासात राहायची सक्ती त्यांच्यावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. घरच्यांनी परस्पर जागा ठरवली असेल, तर हे कलम त्यांना वाचायला द्या.

माझं मत विचाराल तर, बिलं आणि जेवण आपलं आपण सांभाळता येत असेल तर वन आरके, नसेल तर पीजीची सिंगल रूम. आणि निर्णय होत नसेल तर आधी महिनाभर सिंगल रूम घेऊन बघा. पीजी सोडणं करार मोडण्यापेक्षा सोपं असतं.