धंतोलीतील जुन्या बंगल्याची दुरुस्ती : एका संवर्धन सेवेचे परीक्षण

विटा आणि चुन्यात बांधलेल्या, वर मंगलोरी कौले असलेल्या घराची समजून दुरुस्ती करणारे लोक नागपुरात फार थोडे उरले आहेत, आणि म्हणूनच धंतोलीतील आमच्या सासरच्या बंगल्याचे काम ज्या लहानशा चमूने केले त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटते. एक संवर्धन वास्तुविशारद, दोन वयस्क गवंडी, एक सुतार आणि त्यांच्या हाताखालचे काही तरुण एवढाच हा चमू आहे. घराची पाहणी करून लेखी अहवाल देणे आणि त्या अहवालाप्रमाणे स्वतः उभे राहून काम करून घेणे, असे त्यांच्या सेवेचे स्वरूप आहे. माझे मत आधीच सांगते. ज्यांचे घर साधारण १९४० पूर्वीचे, भिंतींवर भार पेलणारे आहे आणि ज्यांना त्यात पुढेही राहायचे आहे, त्यांनी यांना निःसंकोच बोलवावे. घर येत्या सणापर्यंत चकचकीत करून हवे असेल, तर मात्र यांच्याकडे जाऊ नये.

हे घर कोणत्या प्रकारचे आहे ते सांगितल्याशिवाय कामाचे मोल कळणार नाही. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, १८६७ मध्ये रेल्वे आली, १९०३ मध्ये वऱ्हाड या प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, आणि कोर्टकचेऱ्या, महाविद्यालये व गिरण्या यांच्यामुळे वकील, शिक्षक, डॉक्टर आणि सरकारी नोकर यांचा मोठा वर्ग शहरात स्थिरावला. महाल या जुन्या शहरभागातील दाट वस्तीपेक्षा मोकळी हवा या वर्गाला हवी होती, आणि प्लेगच्या साथींनी ती ओढ आणखी वाढवली होती. त्यातून सीताबर्डीच्या आसपास आखीव रस्त्यांच्या नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. धंतोली ही त्यांतलीच एक असून तिला एके काळी सर रेजिनाल्ड क्रॅडॉक या चीफ कमिशनरांच्या नावावरून क्रॅडॉक टाउन म्हणत.

महालातला वाडा रस्त्याकडे भिंत उभी करून आपला सगळा उजेड मधल्या चौकातून घेतो. या नव्या वस्तीतल्या बंगल्याने चौक काढून टाकला आणि मोकळी जागा घराच्या चारही बाजूंना नेली. आमचे आजेसासरे वकील होते. त्यांनी १९२० च्या दशकात बांधलेल्या या घराला समोर कमानींचा पोर्च आहे, त्यामागे रुंद व्हरांडा, आणि डाव्या हाताला बाहेरूनच दार असलेली कचेरीची खोली, म्हणजे अशिलांना घरात न शिरता बसता यावे. बाहेरून हा साहेबी थाटाचा बंगला दिसतो, पण दिवाणखाना ओलांडला की माजघर, देवघर, मागची पडवी, न्हाणीघर आणि तुळशीवृंदावन असा सगळा मराठी संसार ओळीने मांडलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आपल्या मध्यमवर्गाने साहेबाच्या घराचा साचा घेतला आणि त्यात आपले आचार तसेच चालू ठेवले, ही गोष्ट मला पुस्तकांपेक्षा या घराच्या नकाशात अधिक स्पष्ट दिसते.

त्या नकाशात एक कटू गोष्टही आहे. जुने शौचालय आवाराच्या अगदी टोकाला असून त्याला मागच्या गल्लीतून वेगळे, बुटके दार आहे, कारण सफाई करणाऱ्या माणसाने आवारात पाऊल न टाकता काम करून निघून जावे अशी अपेक्षा होती. वास्तुविशारद बाईंनी ते दारही मोजून आराखड्यात नोंदवले. हे कशाला दाखवायचे, असे मामंजींनी विचारले, तेव्हा घराचा इतिहास निवडून निवडून लिहिता येणार नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. ज्यांना घर सुंदर दिसण्यापुरते जपायचे नाही अशा माणसांच्या हाती काम दिल्याची खात्री मला त्या उत्तराने पटली.

आता हवामानाविषयी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि या घराचा प्रत्येक भाग त्या उन्हाळ्याला उत्तर म्हणून घडवलेला आहे. बाहेरच्या भिंती १८ इंच जाडीच्या आहेत, त्यामुळे दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. दिवाणखान्याची उंची १४ फूट आहे. व्हरांड्याचे छप्पर मुख्य छपरापेक्षा मुद्दाम खाली उतरवले आहे, आणि त्या दोन छपरांच्या मधल्या भिंतीत, तक्तपोशीच्या लगत, आडव्या दांड्यावर फिरणारे व दोरीने उघडणारे व्हेंटिलेटर आहेत. वर चढलेली गरम हवा तिथून बाहेर पडते, आणि तिच्या जागी सावलीतल्या व्हरांड्यातली हवा झडपांच्या खिडक्यांतून आत येते. पूर्वी याच खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. आम्ही ते व्हेंटिलेटर रंगाने चिकटवून कायमचे बंद केले होते, तसे ते धंतोलीतल्या बहुतेक जुन्या घरांत झालेले दिसते. या चमूने रंग खरवडून ते पुन्हा फिरते केले. साऱ्या दुरुस्तीत सर्वांत कमी खर्चाचे असे हे काम होते, आणि उन्हाळ्यातील रात्री सर्वांत अधिक फरक त्यानेच पडला.

आमची मूळ तक्रार भिंतींची होती. जोत्यापासून तीन-चार फूट उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटत होते, लोणा फुटत होता, आणि दर दोन वर्षांनी नवा रंग देऊनही तो टिकत नव्हता. हे घर बांधले गेले तेव्हा सिमेंट नुकते कुठे मिळू लागले होते. पोरबंदर येथे त्याचे उत्पादन १९१४ मध्ये सुरू झाले. त्यामुळे या घरात जोडणीपासून गिलाव्यापर्यंत सर्वत्र चुनाच आहे. चुन्याची भिंत जमिनीतील ओल शोषते आणि ती तितक्याच सहजपणे हवेत सोडून देते. पुढे एका कंत्राटदाराने मजबुती येईल असे सांगून बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला आणि ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद झाली. अडकलेले पाणी विटेतील क्षार घेऊन वर चढते. पाणी जिथे उडते तिथे क्षारांचे स्फटिक फुगतात आणि विटेचा भुगा होतो. सिमेंटचा थर मात्र ठणठणीत दिसत राहतो, म्हणून आत काय चालले आहे ते कित्येक वर्षे कळतच नाही.

पाहणीच्या दिवशी वयस्क गवंड्यांनी जे म्हटले ते मला या सेवेचे सार वाटते : “पहिले पाणी कुठून येऊन राहिलं ते पाहू द्या जी, मग भिंतीले हात लावू.” त्यांनी भिंतीवर बोटाने ठोकून पोकळ जागा खडूने आखल्या, जोत्याभोवतीच्या फरशीचा उतार पाण्याची पातळी लावून तपासला आणि तो घराकडेच असल्याचे दाखवून दिले. सर्वांत अधिक ओल जिथे होती, त्या खिडकीखाली दर उन्हाळ्यात आमचा कूलर उभा असतो. चार महिने तिथे पाणी ठिबकत असते, आणि त्या ओलीचा दोष आम्ही पावसाला देत होतो. ज्यांच्याकडे जुने घर आणि मोठा कूलर दोन्ही आहेत, अशा नागपूरकरांनी तरी आपल्या खिडकीखालची भिंत एकदा नीट पाहावी. फरशीचा उतार बदलणे आणि कूलर भिंतीपासून दूर, निचऱ्याची नळी लावलेल्या घडवंचीवर ठेवणे, हे अहवालातील पहिले दोन उपाय होते. गिलाव्याचा क्रमांक त्यानंतर होता.

गिलाव्यासाठी त्यांनी आधी जुन्या, न बिघडलेल्या भागातील एक तुकडा घेतला आणि तो सौम्य आम्लात विरघळवून मागे उरलेली वाळू व सुरखी यांचे प्रमाण पाहिले. नवे मिश्रण त्याच अंदाजाने केले. चुनकळी आवारातील टाकीत विरवून, गाळून, काही आठवडे पाण्याखाली मुरत ठेवली होती. वाळू कन्हान नदीची, आणि सुरखी जुन्या, नीट भाजलेल्या विटा कुटून केलेली. सुरखीमुळे चुन्याला ओलीतही धरण्याची ताकद येते, म्हणून जोत्यालगतच्या थरात ती जास्त घातली होती. सिमेंटचा थर काढताना यंत्राचा हातोडा वापरला नाही, लहान छिन्नीनेच काम केले, त्यामुळे विटांच्या कडा वाचल्या. नवे थर पातळ देऊन प्रत्येकाला पुरेसा वेळ दिला आणि वर ओले गोणपाट बांधले. चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो आणि या क्रियेला घाई चालत नाही, हे बाईंनी आम्हाला पहिल्याच बैठकीत समजावले होते.

छपराचे काम पाहताना मला सर्वाधिक आनंद झाला. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला, आणि एकमेकांत अडकणारी ही कौले रेल्वेच्या वाटेने देशभर पोहोचली. प्रत्येक कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव ठशाने उमटवलेले असते, आणि आमच्या छपरावर तीन वेगवेगळ्या कारखान्यांची कौले निघाली, म्हणजे हे छप्पर पूर्वीही टप्प्याटप्प्याने दुरुस्त झालेले होते. कारखान्यागणिक मापात थोडा फरक असतो आणि कौले मिसळली की खाचा नीट बसत नाहीत. आमची गळती तिथूनच होत होती. चमूने कौले उतरवून निरनिराळी लावली आणि एकेका उतारावर एकाच ठशाची बसवली. सागवानी वाशांची भिंतीत गेलेली टोके कुजली होती. सुताराने अख्खे वासे न बदलता कुजका भाग कापून तिथे तिरक्या सांध्याने जुने सागवान जोडले. ते सागवान पाडलेल्या घरांतून आलेले होते. धंतोली आणि रामदासपेठेत रुग्णालये व सदनिकांसाठी असे बंगले किती झपाट्याने जात आहेत हे आपण सगळे पाहतोच, आणि एका घराचे लाकूड दुसऱ्या घराला आधार देते आहे याचे समाधान मानावे की दुःख, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

दिवाणखान्यातील नक्षीदार सिमेंटच्या फरशांना त्यांनी जवळजवळ हात लावला नाही, आणि तेच योग्य होते. या फरशा भाजलेल्या नसतात. रंगीत सिमेंटचा काही मिलिमीटरचा थर साच्यात ओतून दाबयंत्राखाली घट्ट केलेला असतो. आम्लाने तो थर जळतो आणि यंत्राने घासला की नक्षी झिजते. साधा साबण, मऊ कापड आणि सांध्यांत थोडा चुना एवढ्यावर त्यांनी काम थांबवले.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. काम ठरलेल्या मुदतीपेक्षा बरेच लांबले. त्यातला काही काळ चुन्याला लागणारच होता, पण सुतार दुसऱ्या कामावर गेल्यामुळे छप्पर ताडपत्रीखाली पडून राहिले, ते टाळता आले असते. छप्पर उघडल्यावर लाकडाचा खर्च अंदाजाच्या पुष्कळ वर गेला. असे होऊ शकते हे अहवालात लिहिले होते, पण किती वर जाऊ शकतो याची कमाल मर्यादा लिहिलेली नव्हती. विजेच्या कामाला त्यांच्याकडे तितकाच जाणता माणूस नाही. नव्या गिलाव्यावरून नेलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या डोळ्यांना खुपतात. अहवाल केवळ इंग्रजीत मिळाला, आणि घराविषयी सर्वांत जास्त ठाऊक असलेल्या आमच्या सासूबाईंना तो वाचून दाखवावा लागला. मराठी वस्तीतील मराठी घराचा अहवाल मराठीत असणे मला आवश्यक वाटते, आणि तसे मी त्यांना कळवले आहे.

खर्चाविषयी एवढेच सांगता येईल, की चुन्याच्या गिलाव्याला सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा दुपटीहून अधिक पैसे लागले. त्यात साहित्याचा वाटा लहान आणि मजुरीचा मोठा होता. त्यानंतरच्या पावसाळ्यात भिंती कोरड्या राहिल्या आणि लोणा फक्त कूलरच्या खिडकीखाली किंचित दिसला. जुने क्षार पूर्ण निघायला आणखी एखादे वर्ष लागेल, असे गवंड्यांचे म्हणणे आहे.

बोलवायचे असल्यास पाहणी ऐन पावसात करून घ्यावी, कारण गळती आणि ओल तेव्हाच खरी दिसते; गिलावा दसऱ्यानंतरच्या थंड दिवसांत आणि छप्पर होळीनंतर, मृगाच्या पुष्कळ आधी संपेल असे धरावे. घराचा मंजूर नकाशा, जुनी बिले आणि अंगणात काढलेले लग्नमुंजींचे फोटो शोधून ठेवावेत. आमच्या व्हरांड्याच्या कठड्याचे मूळ रूप अशाच एका फोटोवरून कळले आणि सुताराने त्यावरूनच तो पुन्हा घडवला. पाहणीचे शुल्क वेगळे द्यावे लागते, पुढे काम दिले तर ते एकूण रकमेतून वजा होते, आणि काम दिले नाही तरी अहवाल व मोजमापाचे आराखडे आपल्याकडेच राहतात.