इंग्लंडच्या पायवाटांवरचे प्राणी-जिओकॅश: हेजहॉग पहिल्या वर्गात, गोगलगाय काठावर पास

जिओकॅश म्हणजे कोणीतरी लपवलेला आणि फोनच्या जीपीएसने शोधून आतल्या वहीत सही करायचा डबा. मुलांना घेऊन फिरायला निघाला असाल तर जिओकॅशच्या अ‍ॅपवर प्राण्याच्या रूपातला डबा शोधा, साधे डबे राहू देत. मात्र प्राणी किती गोड दिसतो यावर भुलू नका, आत डबा कोणता आहे ते बघा. इंग्लंडचा पाऊस मूर्तीचं काही वाकडं करत नाही, आतल्या सह्यांच्या वहीचा मात्र लगदा करतो.

या बाबतीत हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) सगळ्यात सरस. बागेत ठेवायची पोकळ रेझिनची मूर्ती हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांच्या कुंपणाच्या बुडाशी वाळक्या पानांत बसवलेली असते आणि तिच्या पोटाखाली चार कड्यांचा, रबरी सील असलेला खाऊचा डबा. आकार ‘स्मॉल’, म्हणजे १०० मिली ते १ लिटर, त्यामुळे वही, पेन्सिल आणि अदलाबदलीची खेळणी आरामात मावतात. एक खेळणं घेतलं तर त्याच तोलाचं दुसरं ठेवायचं. खाण्याचं काहीही ठेवू नये. वासावर उंदीर येतात आणि प्लॅस्टिक कुरतडतात. हा डबा गळतो तो बहुतेक वेळा शेवटच्या माणसामुळे: वहीच्या पिशवीचं टोक सीलमध्ये अडकतं, कडी लागल्यासारखी वाटते आणि पाणी आत शिरतं. काही मालक (म्हणजे डबा लपवणारे) मूर्तीखाली ३५ मिमी फिल्मची जुनी डबी ठेवतात. तिथे वही ओलीच मिळणार असं धरून चाला. त्यापेक्षा बाटली फुगवण्याआधीची पेट (PET) प्लॅस्टिकची जाड नळी कितीतरी बरी.

पक्ष्यांच्या लाकडी पेटीत गंमत जास्त, जबाबदारीही जास्त. चांगल्या बनावट पेटीचं भोक आतून फळीने बंद केलेलं असतं आणि ती झाडाला पट्ट्याने बांधलेली असते. खिळा ठोकायला जिओकॅशिंगच्या नियमात परवानगी नाही. भोक उघडं ठेवलं तर टिट पक्षी खरंच राहायला येतात, ब्लू टिटला २५ मिमी पुरतं. वापरातल्या घरट्याला १९८१ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे वसंतात पेटीत पक्षी ये-जा करताना दिसला तर झाकणाला हात न लावता पुढे चला आणि मालकाला कळवा. भोक उघडं ठेवणाऱ्या मालकाला आमच्याकडून शून्य गुण.

गोगलगाय फोटोत छान दिसते, हातात घेतली की वैताग. शंखाखाली करंगळीच्या नखाएवढा चुंबकी ‘नॅनो’, म्हणजे सगळ्यात छोटा डबा, चिकटवलेला असतो आणि तो फाटकाच्या लोखंडी खांबावर आयव्हीच्या वेलीच्या पानाआड बसतो. खरा शंख पहिल्याच थंडीत तडकतो, प्लॅस्टिकचा टिकतो. सह्यांच्या कागदाची सुरळी काढायला चिमटा लागतो. परत घालताना ती इतकी घट्ट गुंडाळा की बोटं न लावता आत सरकली पाहिजे. सैल राहिली तर झाकणाचे आटे पकडत नाहीत, झाकण गवतात पडतं आणि तिथेच त्या गोगलगायीचा कारभार आटोपतो.

शोधताना सगळे एकच घोळ घालतात: अ‍ॅपमधला बाण शून्य मीटर दाखवेपर्यंत पळत राहतात. झाडाखाली जीपीएस सहज दहा मीटर चुकतं. जवळ पोचलात की फोन खिशात टाका आणि आपण हा डबा लपवला असता तर कुठे, असा विचार करून नजर फिरवा. दगडी गडग्यांचे दगड उपसू नका. चुना न लावता रचलेली भिंत एका दगडाने ढासळते. तुडवलेली खाजकुयलीसारखी नेटल्सची झुडपं दिसली तर आधी कोणीतरी तिथे शोधून गेलंय, पण डबा तिथेच असेल असं नाही.

ओएस (ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटनची नकाशे बनवणारी संस्था) एक्सप्लोरर नकाशावर (१:२५,०००) सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. डबा त्या रेषेपासून फार आत शेतात दिसत असेल तर आधी अ‍ॅपवरचं त्या डब्याचं वर्णन वाचा, वाट दुसरीकडून असते. वासरांसह गाई असलेलं शेत लांबून वळसा घालून टाळा. आणि पेन स्वतःचं न्या, नॅनोत पेन्सिल मावत नाही.