त्रासदायक साहेब गेल्यानंतर: एक मोठी मीटिंग की एकेकाशी बोलणं?

जाच करणारा साहेब गेला आणि त्याची खुर्ची तुमच्याकडे आली, की दोन वाटा दिसतात. पहिल्याच सोमवारी सगळ्यांना एकत्र बोलावून ‘झालं गेलं विसरू, आजपासून नवी सुरुवात’ असं जाहीर करायचं. नाहीतर काहीच जाहीर न करता एकेकाला भेटायचं आणि एकेक अडचण दूर करत जायचं. चाकणला कारखान्यातल्या सीएनसी लाइनवर (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन) बावीस जणांबरोबर मी दोन्ही करून पाहिलं.

मीटिंगची बाजू तशी भक्कम आहे. सगळ्यांना एकच गोष्ट एकदाच कळते, कुजबुजीला वाव राहत नाही. म्हणून मीही आधी तेच केलं. चहा मागवला, म्हटलं, मोकळेपणाने बोला. कोणी तोंड उघडेना. शेवटी सगळ्यांत जुना सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा कारागीर, म्हणाला, ‘तुम्ही म्हणाल तसं, सर.’ कालपर्यंत हाच माणूस मला ‘अरे’ म्हणायचा.

पुढचे दोन आठवडे मला हे एकच उत्तर मिळत राहिलं. इन्सर्ट (मशीनमधलं कापायचं टोक) कधी बदलायचा? तुम्ही म्हणाल तसं. रात्रपाळीला कोण? तुम्ही म्हणाल तसं. ज्यांनी त्या मशीनवर पंधरा-पंधरा वर्षं काढली, ती माणसं हे बोलत होती. मीटिंगची वाट सोडायची, हा माझा निर्णय या एका वाक्याने केला.

विचार केल्यावर कारण कळलं. मीटिंग मी घेतली ती फळ्यासमोर. रोज सकाळी तिथेच कोणाचं किती रिजेक्शन, म्हणजे किती माल खराब निघाला, हे नाव घेऊन वाचलं जायचं. तिथे गप्प राहायचं, हे सगळे शिकले होते. त्या रांगेत मीही गप्पच उभा असायचो, आणि ते त्यांनी पाहिलं होतं.

मग मशीनपाशी जाऊन बोलू लागलो. प्रश्न एकच: तुझं कुठे अडतं? तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीचा एक ऑपरेटर मला चिप्सच्या, म्हणजे कापून निघालेल्या धातूच्या कचऱ्याच्या, ट्रॉलीपाशी घेऊन गेला. हातमोजा घालून त्याने चिप्सच्या गुंतवळ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तीन जॉब, म्हणजे मशीनवर केलेले सुटे भाग, बाहेर काढले. तिन्हींचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज. फळ्यावर नाव लागू नये म्हणून लपवलेले. इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब तपासायचा असतो, पण चार मशीनमध्ये भोकाचं माप तपासायचा प्लग गेज एकच, आणि दुसरा मागितला की पूर्वी ओरडा बसायचा. मी फळ्यावरची नावं पुसली, मशीन नंबर आणि कारण एवढंच ठेवलं, आणि दुसरा गेज मागवला.

त्या महिन्यात कागदावरचं रिजेक्शन वाढलं. हे होणार, ते वरच्यांना आधीच सांगून ठेवा. संशोधक एमी एडमंडसन यांना 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका अभ्यासताना असंच दिसलं होतं: जिथे नेतृत्व चांगलं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त, कारण तिथली माणसं चूक लपवत नव्हती.

या वाटेचे तोटेही आहेत. वेळ फार जातो, मला दीड महिना लागला. आधी कोणाशी बोललात यावरून ‘हा साहेबाचा माणूस’ सुरू होतं. म्हणून मी मशीन नंबरच्या क्रमाने गेलो. माणसं साठ-सत्तर असतील, किंवा आधीचा साहेब पैशांच्या भानगडीत गेला असेल, तर कदाचित मीटिंगच आधी घ्यावी लागेल. बाहेरून आला असाल तर ओळखीपुरती पाच मिनिटं हवीतच. पण लाइनवरूनच वर आलेल्याने, माझ्या मते, मशीनपासून सुरुवात करावी.

मीटिंग मी पुन्हा घेतली, पण अडीच महिन्यांनी, कॅन्टीनमध्ये. विषय एकच, दिवाळीत सुट्टी कोणी कधी घ्यायची. तासभर कडाक्याचं भांडण झालं, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्या सेटरचा होता.