ब्लूज सोलो: एकच स्केल की कॉर्डचे सूर?

मालवणहून भाच्याचा फोन: "मामा, गिटारवर ब्लूजचा सोलो सुधारायचाय. पेंटॅटॉनिक घोटू की कॉर्डचे सूर शिकू?"

ए मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे पाच सुरांची स्केल: ए, सी, डी, ई, जी. ए ला सा धरलास तर धानी रागाचेच सूर. हात लवकर बसतो, ब्लूजच्या एका फेरीतल्या बाराही बारमध्ये (चार-चार मात्रांच्या तुकड्यांत) चालतं, सहसा खटकत नाही. पण तिसऱ्या फेरीत तेच ते, रोज पेजच वाढल्यासारखं. (मला पेज आवडते, तो भाग वेगळा.)

कॉर्डचे सूर, म्हणजे त्या-त्या बारला साथीत एकत्र वाजणारे सूर, बोटांत यायला महिने जातात. गंमत मात्र तिथेच. ए७ या कॉर्डमध्ये सी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार. पाचव्या बारला डी७ आली की तोच अर्धा स्वर उतरून सी, कोमल गंधार. एवढ्यानेही साथ नसताना कॉर्ड बदललेली ऐकू येते. पावसात वीज गेली की बॅकिंग ट्रॅकशिवाय (रेकॉर्ड केलेल्या साथीशिवाय) करून बघ. नवव्या बारच्या ई७ वर जी शार्प धर. चुकलास तर मात्र लपायला जागा नाही.

गणपतीत मित्रांसोबत वाजवायचं असेल तर पेंटॅटॉनिक पुरे, फक्त मध्ये श्वास घे. सोलो शिळा वाटू लागला असेल तर कॉर्डचे सूर, तेही आधी पाचव्या बारपुरतेच.